बेलापूरला घर बांधतोय, भिंती कशाच्या घ्याव्यात?

बेलापूरकर: जुनं रो-हाउस पाडून नव्याने बांधतोय. लाल वीट नको, तिच्यापायी शेतातली सुपीक माती जाते. काँट्रॅक्टर एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला हलका काँक्रीटचा ब्लॉक) म्हणतोय, आईला जांभा हवाय. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा सरळ मारा आहे.

साइटवाला_ठाणे: एएसी घ्या, पण गवंडी पारखून. घनमीटरला साधारण 550 ते 650 किलो, म्हणजे विटेच्या एकतृतीयांश वजन. पायावरचा भार हलका होतो, स्टील वाचतं. मात्र हा ब्लॉक पाणी पितो. चवड जमिनीवर नको, फळ्यांवर रचून वर ताडपत्री टाका. सांध्यात तयार मॉर्टर, जेमतेम 3 मिमी. गवंडी सवयीने सिमेंट-वाळूचा जाड थर ओढतात, मग तडे जातात. कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी मारलीच पाहिजे. हे काम मी समोर उभं राहून करून घेतो, तुम्हीही घ्या. पश्चिमेला मात्र मी फ्लाय अ‍ॅशची वीटच लावेन. वीजकेंद्रातली राख वापरात येते, भट्टीत भाजायची गरज नाही. गाडी खाली करण्याआधी दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत वाजल्या पाहिजेत.

कोकणी_माणूस: जांभा खाणीतून मऊ निघतो, हवेवर घट्ट होतो. भाजणं नाही, काही नाही. पण रत्नागिरीहून ट्रकने आणायचा तर डिझेल किती जाळणार? कंपाउंडपुरता घ्या, आईंचं मन राहील. शिवाय बेलापुरातच वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत आहे, 80च्या दशकातली. स्थानिक गवंड्यांना बांधता येतील अशी साधी घरं. एकदा आईंना घेऊन जा.

बेलापूरकर: कंपाउंडला जांभा, आई तयार आहे. पश्चिमेला छज्जा किती बाहेर काढू?

साइटवाला_ठाणे: दोन फूट तरी. खालच्या कडेला पाणपट्टी, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तिथेच गळून पडावं म्हणून काढतात ती खाच, विसरू नका.