न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट: मुलीने हा कोर्स करावा का?

सातारकर_काका:
लेक फिजिक्समध्ये बीएस्सी झाली. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये न्यूक्लिअर मेडिसिनचा, म्हणजे किरणोत्सारी औषधं देऊन तपासणी-उपचार करण्याचा, कोर्स करायचं तिच्या मनात आहे. आजी म्हणते, "किरणांत काम, पुढे मुलंबाळं?" या कामातलं कुणी आहे का इथे?

गॅमाताई:
आहे ना, पेट-सीटी स्कॅनच्या मशीनवर. काका, किरणांपेक्षा घड्याळाची भीती जास्त! स्कॅनआधी टोचायचं एफडीजी, म्हणजे साखरेसारखं किरणोत्सारी औषध, ११० मिनिटांत निम्मं होतं. ते आणणारी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की डोसचं सगळं गणित नव्याने. त्यात उपाशी यायला सांगितलेले आजोबा "फक्त चहा-बिस्किट" घेऊन येतात, साखर चढलेली, मग थांबा. इंजेक्शननंतर पेशंटला तासभर शांत बसवायचं. नातेवाईक डबा घेऊन आत घुसतात ते वेगळंच.

आजींना सांगा, छातीवर टीएलडी बॅज असतो, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा, दर तिमाहीला तपासला जातो. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप), कुठल्याही एका वर्षी ३० च्या वर नाही. गरोदरपण कळवलं की बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्ट. मी तेव्हा इंजेक्शनं सोडून रिपोर्ट-नोंदींवर होते. शिशाच्या आडून, झटपट, लांबून काम करायची सवय हातात बसते. हात चपळ हवा. भित्रा नको आणि बेफिकीर तर नकोच.

परळचा_पाव:
आणि पगार?

गॅमाताई:
खाजगीत सुरुवातीला बेताचाच.

सातारकर_काका:
आभारी आहे ताई. आजीला वाचून दाखवतो. पहाटेची शिफ्ट असते का?

गॅमाताई:
असते. हॉस्टेल जवळचं बघा.