सुगीतला रविवार
बरेच जण विचारतात, सोयाबीनची सुगी आणि डोक्यावर परतीचा पाऊस असताना रविवारी चर्चला बसणं परवडतं का? बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात (३४:२१) नेमकं हेच आलंय: सातव्या दिवशी विसावा, नांगरणी-कापणीच्या दिवसांतही. बायबलचंच अनुवाद हे पुस्तक (५:१४) तर दास-दासी, बैल, गाढव सगळ्यांना विसावा देतं. म्हणजे मालक चर्चमध्ये आणि मजूर शेतात, हे चालत नाही. आमच्या जालन्याकडे काही घरं शनिवारीच गंजीवर ताडपत्री टाकून दोर आवळतात, मळणीयंत्राचा नंबर सोमवारचा लावतात. आभाळ भरून आलं की जीव घाबरतो, खरंय. पण बायबलमधल्या याईर नावाच्या बापाची मुलगी मरणाच्या दारात असताना, तिला बरं करायला निघालेला येशू वाटेत थांबला, बारा वर्षं आजारी असलेल्या बाईसाठी. याईराचा जीव किती टांगणीला लागला असेल! तरी येशूने त्या बाईचं सगळं ऐकून घेतलं.