तेंगूचा शब्द आणि माणसांचा

जपानी लोककथांतले तेंगू म्हणजे लांब नाकाचे, माणसांना फसवणारे राक्षस, असं कुणी कुणी म्हणतं. जुन्या कथांत ते तसे आहेतही. पण क्योतोच्या उत्तरेकडच्या कुरामा डोंगराचा राखणदार तेंगू सोजोबो आठवा.

'कुरामा तेंगू' या नो (जपानी पारंपरिक नाट्यप्रकार) नाटकात तो डोंगरात फिरणाऱ्या साधूच्या वेशात येतो. चेरीचा बहर बघायला जमलेली ताइरा घराण्याची पोरं या अनोळखी माणसाला बघून उठून जातात. थांबतो तो एकटा उशिवाका, म्हणजे ताइरांच्या वैरी मिनामोतो घराण्याचा पुढचा योद्धा योशित्सुने. एवढ्याशा आपुलकीची परतफेड म्हणून तेंगू त्याला युद्धविद्या देतो आणि लढाईत सावलीसारखा पाठीशी राहीन असं वचनही.

आता माणसांकडे बघा. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या समुद्री लढाईत योशित्सुनेने ताइरांचा निकाल लावला, आणि सख्खा नाही तरी भाऊच असलेला, मिनामोतोंचा प्रमुख योरितोमो त्याच्या जिवावर उठला. उत्तर जपानमधल्या हिराइझुमीचा सत्ताधीश हिदेहिरा याने आसरा दिला, पण तो ११८७ मध्ये वारला. मुलगा यासुहिरा योरितोमोच्या दबावाखाली फिरला आणि ११८९ मध्ये त्याने योशित्सुनेवरच हल्ला केला. योशित्सुनेने आत्महत्या केली. यासुहिराला तरी काय मिळालं? त्याच वर्षी योरितोमो त्याच्यावरही चालून गेला. पळताना त्याच्याच सेवकाने त्याला मारलं, आणि मुंडकं घेऊन बक्षिसाच्या आशेने आलेल्या त्या सेवकाला योरितोमोने स्वामिद्रोही म्हणून मृत्युदंड दिला! (हे योरितोमोने करावं, कमाल आहे.)

बाकी तेंगू हिराइझुमीला का पोचला नाही, हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो.