मुलगा पहिल्यांदाच एडनच्या आखातातून जाणार आहे

गुहागरची आई:
धाकटा डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून नुकताच बोटीवर चढलाय. मालवाहू जहाज आहे, पुढच्या महिन्यात एडनच्या आखातातून सुएझकडे. "आई, कठड्याला काटेरी तारा लावतात, काळजी करू नको," एवढंच सांगतो. तारांनी चाचे थांबतात का हो? जाणकारांनी खरं ते सांगा. रात्री झोप लागत नाही.

निवृत्त बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम):
ताई, २०११ साली मी त्याच वाटेने गेलोय. तारा मी स्वतः बांधल्या, दंडावरचे ओरखडे अजून आहेत. तारांमुळे चाच्यांना वर चढायला उशीर होतो, तेवढाच त्यांचा उपयोग. लहान वेगवान होड्यांतून येऊन ते आकड्याची शिडी कठड्याला अडकवतात. जहाज भरलेलं, पाण्यात खोल बसलेलं आणि हळू चालणारं असेल तर धोका जास्त. १८ नॉटच्या (ताशी सुमारे ३३ किमी) वर पळणाऱ्या जहाजावर चढणं त्यांना फार अवघड जातं.

पण मुलाला आधी विचारा, सिटाडेल कुठे आहे? म्हणजे सगळ्यांनी आत शिरून दार लावून घ्यायची भक्कम जागा, बहुतेक वेळा इंजिन रूमच्या बाजूला. आत पाणी, खाणं, सॅटेलाइट फोन ठेवतात. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाजवळ 'लीला नॉरफोक'वर चाचे चढले, तेव्हा २१ जण असेच आत बसले, त्यांत १५ भारतीय. आपल्या नौदलाची युद्धनौका आयएनएस चेन्नई पोचली, नौदलाचे मार्कोस कमांडो जहाजावर उतरले. चाचे तोवर निघून गेले होते. सगळे सुखरूप.

एक जरी माणूस बाहेर राहिला तर नौदलाचे हात बांधले जातात. आमच्या सरावात एक कॅडेट फोन आणायला केबिनमध्ये परत गेला. कॅप्टनने त्याच दिवशी सराव आणखी तीनदा घेतला. भोंगा वाजला की हातातलं टाकून पळायचं, हे त्याला माझ्याकडून सांगा.

खलाशाची बायको, उरण:
एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर तपासून घ्या. जहाजाचा आयएमओ नंबर (त्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि कंपनीचा फोन घरात लिहून ठेवा. जहाजाचं नाव आणि तारखा मात्र इथे टाकू नका.

गुहागरची आई:
आत्ताच बोलले त्याच्याशी. सिटाडेल अजून दाखवलेली नाही म्हणाला. उद्या सकाळी त्यांच्या बोटीवरच्या बोसनला विचारणार आहे.