रेनीराच्या मुलांचा बाप वंशवृक्षात ठरवणार कोण?

दगडीपूल
परवा एका पोस्टमध्ये जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या कथाविश्वातल्या टार्गेरियन राजघराण्याचा विकीवरचा वंशवृक्ष "दुरुस्त" केल्याची घोषणा वाचली. दुरुस्ती अशी की राजकन्या रेनीराची मुलं जेसेरिस, लुसेरिस आणि जॉफ्री यांची रेघ तिचा नवरा लेनॉर व्हेलॅरियन याच्यापासून तोडली आणि सलग रेघेने हार्विन स्ट्राँगला जोडली. कारण दिलंय, "सगळ्यांना माहीतच आहे." हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

'फायर अँड ब्लड' (२०१८) ही कादंबरी नाही, वेस्टेरोस या काल्पनिक खंडातल्या एका आर्चमेस्टरने, म्हणजे वरिष्ठ विद्वानाने, लिहिलेला इतिहास आहे. त्याच्यासमोर सेप्टन युस्टेस, ग्रँड मेस्टर मंकन आणि दरबारी विदूषक मशरूम असे स्रोत आहेत आणि ते एकमेकांना छेद देतात. अशा पुस्तकाच्या विकीवर रेघ ओढायची म्हणजे कोण काय म्हणतो ते दाखवायचं. लेनॉरने ही मुलं आपली मानली, राजाने मानली. ती सलग रेघ. हार्विन हा आरोप आहे. ती तुटक रेघ, शेजारी प्रकरणाचा संदर्भ. प्रत्येक व्यक्तीच्या माहितीचौकटीत 'पिता-मान्य', 'पिता-आरोपित' आणि 'स्रोत' हे तीन वेगळे रकाने ठेवा, म्हणजे हा वाद दर महिन्याला उकरावा लागणार नाही.

शेवंता_वाचते
अजिबात सहमत नाही. मुलांचे केस तपकिरी, डोळे तपकिरी, नाकं बसकी. लेखकाने याहून स्पष्ट काय लिहायला हवं होतं? वाचक वंशवृक्ष उघडतो तो रेनीरा आणि तिचा सावत्र भाऊ एगॉन यांच्यातलं गादीचं युद्ध कशावरून पेटलं ते समजायला. हार्विनला फिकट तुटक रेघेने कोपऱ्यात ढकललं तर युद्धाचं मूळच लपतं. 'हाउस ऑफ द ड्रॅगन' मालिकेत तर शंकेला जागाच ठेवलेली नाही.

दगडीपूल
मालिकेचा वृक्ष वेगळ्या पानावर हवा, हेच तर म्हणतोय. पुस्तकात लेनॉर मरतो, मालिकेत वाचतो. पुस्तकात एगॉन दुसरा आणि हेलेना यांना मेलॉर नावाचं तिसरं मूल आहे, मालिकेत ते नाही. जॉन स्नोचं तेच. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेने २०१६ मध्ये त्याची आई आणि २०१७ मध्ये आईबापांचं लग्न दाखवलं, पुस्तकांमध्ये अजून काहीच जाहीर नाही. दोन्ही एका चित्रात कोंबलं की तिसरीच कथा तयार होते, जी कोणीच लिहिलेली नाही.

आणि नाकाच्या आकारावरून रेघ ओढायची तर राजा डेरॉन दुसरा कोणाचा? डेरॉनचा नातू मेस्टर एमॉन स्वतः जॉनला सांगतो की ड्रॅगननाइट एमॉन हा आपल्या आजोबांचा, म्हणजे डेरॉनचा, काका किंवा बाप, तुम्ही कोणती कहाणी खरी मानता त्यावर. घरातला माणूस दोन शक्यता ठेवतो आणि आपण एक पुसणार?

अडकित्ता
रेघ सलग की तुटक हे नंतर ठरवा. आधी ती ओढता कशाने ते बघा. टेबलवाला वृक्ष-साचा म्हणजे छळ आहे. एक चौकट तीन खणांची, रेघेचा प्रत्येक तुकडा एका खणाचा. रेनीराचे पणजोबा-पणजी जेहेरिस आणि अ‍ॅलिसॅन यांना तेरा मुलं. मध्येच एक राहिलं तर वरखालच्या सगळ्या ओळी चार खणांनी सरकवायच्या. एका ओळीत एक खण चुकला की मूल शेजारच्या जोडप्याखाली जातं, आणि पान जतन होताना कुठलीही सूचना येत नाही. ग्राफविझ वापरा, म्हणजे नात्यांच्या यादीवरून आकृती काढणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक लग्नासाठी एक बिंदू, दोघं त्या बिंदूला, बिंदूपासून मुलं. मांडणी ते स्वतः करतं.

सुपारीचं_खांड
करतं, आणि वाट लावतं. व्हिसेरिस राजाचा भाऊ डेमन आपल्या पुतणीशी, रेनीराशी लग्न करतो. तुम्ही नवरा-बायको एका ओळीत आणि भावंडंही एका ओळीत असे दोन नियम दिलेत, तर डेमनला व्हिसेरिसच्या ओळीतही बसायचंय आणि व्हिसेरिसच्या मुलीच्या ओळीतही. मग रेघा उलट्या वर जातात.

अडकित्ता
कारण भावंडांना ओळीत बांधायचंच नसतं! फक्त जोडपी बांधा. डेमन एक ओळ खाली येतो, त्याची आईबापांपासूनची रेघ लांब होते, संपलं. डेमनची आधीची बायको लेना व्हेलॅरियनही रेनीराच्याच ओळीतली, म्हणजे ते लग्नही बसतं. जोसेलिन बराथियनचंही तसंच. ती जेहेरिसची आईकडून सावत्र बहीण, पण तिने लग्न केलं त्याच्या मुलाशी, एमॉनशी. तिला एमॉनच्या ओळीत उतरवा.

सुपारीचं_खांड
आणि निघालेलं चित्र पानावर चढवल्यावर? एसव्हीजी (रेषाचित्राची फाइल) चित्र म्हणून लावलं की आतले दुवे मरतात. पानावर शोध घेतला तर नाव सापडत नाही. स्क्रीन रीडरला पर्यायी मजकुराची एक ओळ मिळते. दुवे हवेत तर चित्रावर जागांचे आकडे हाताने भरा, आणि मांडणी बदलली की पुन्हा भरा. टेबलात हे सगळं फुकट मिळतं. ज्यांना वृक्ष फक्त लांबून बघायचाय त्यांनी ग्राफविझच्या आरत्या ओवाळाव्यात.

अडकित्ता
भाषा सांभाळा. आरत्या कोणी ओवाळत नाहीये. मोबाइलवर चाळीस खण आडवं सरकवत नाव शोधणाऱ्या वाचकाचाही विचार करा.

तिसरी_ओसरी
दोघांचंही मूळ चुकतंय. माहिती आणि चित्र एकाच जागी ठेवलं की हे होणारच. माहितीचौकटीत फक्त आई आणि बाप भरा. मुलांची यादी हाताने कधीच भरू नका. बापाच्या पानावर चार मुलं आणि मुलांच्या पानांवर तीनच, ही विसंगती तिथूनच येते. विकीवर कार्गो (माहिती साठवून तिच्यावर प्रश्न विचारू देणारा विस्तार) चालू असेल तर मुलं प्रश्न विचारून काढता येतात, आणि टेबलाच्या ओळी लुआ भाषेतलं मॉड्यूल, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहितं. खण मोजायला माणूस लागत नाही.

ओळख म्हणून पानाचं पूर्ण शीर्षक वापरा, नुसतं नाव नको. रेनीराचा सावत्र भाऊ एगॉन आणि मुलगाही एगॉन, दोघंही राजे झाले. नुसतं 'एगॉन' लिहिलंत तर दुसऱ्या आणि तिसऱ्याची सरमिसळ होते.

आणि पूर्वजांचा तक्ता वेगळा ठेवा. त्यात माणसाचा क्रमांक न, तर बाप २न आणि आई २न+१. रेनीरा १ धरली तर ८ जेहेरिस आणि ९ अ‍ॅलिसॅन, १० आणि ११ पुन्हा तीच दोघं, १४ आणि १५ पुन्हा तीच. फक्त १२ आणि १३ म्हणजे रॉड्रिक अ‍ॅरिनचे आईबाप. डेनेरिसच्या तक्त्यात पणजीपणजोबांच्या आठही जागी एगॉन पाचवा आणि बेथा ब्लॅकवूड. तिथे नावं गाळायची नाहीत. पुनरावृत्ती हीच त्या घराण्याची माहिती आहे.

पाटीपेन्सिल
तक्त्यांचं चालू द्या. बायकांच्या चौकटींचं काय? मार्टेल घराण्यातल्या डोरान, एलिया आणि ओबेरिन यांची आई डॉर्न प्रांताची सत्ताधीश राजकन्या होती. पुस्तकांत तिचं नाव नाही, म्हणून कित्येक वृक्षांत चौकटच नाही. डॉर्नमध्ये मुलगा-मुलगी न बघता पहिल्या अपत्याला वारसा मिळतो, म्हणजे मार्टेल वंश तिच्यातूनच चालतो. ती गाळली की रेघ हवेत लोंबकळते. नेड स्टार्कच्या आईचं नाव, लायारा, २०१४ च्या 'द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर' या इतिहासग्रंथात आलं. ज्यांनी आधीपासून निनावी चौकट ठेवली होती त्यांना फक्त नाव बदलायचं होतं. बाकीच्यांना आख्खी ओळ मोडावी लागली.

शेवंता_वाचते
निनावी चौकटीबद्दल पूर्ण मान्य. पण त्याच न्यायाने हार्विनची चौकटही नेहमी दिसली पाहिजे. टिचकी मारल्यावर उघडणारी नको.

दगडीपूल
दिसू दे. त्याच आकाराची, त्याच रंगाची असू दे. पण रेघ तुटक. आणि तुटक रेघेचा अर्थ एकच ठेवा. आज त्याच रेघेने कुठे अनौरस संतती दाखवतात, कुठे संशय, कुठे लग्न. डेमन ब्लॅकफायर अनौरस होता, पण एगॉन चौथ्याने त्याला आपला मानलं, मरताना औरसही केलं. त्याच्या पितृत्वावर वाद नाही, म्हणून रेघ सलग, आणि जन्माचा दर्जा चौकटीत टीप म्हणून. बाप कोण आणि मूल औरस का, हे दोन प्रश्न एका रेघेत घातल्यामुळेच परवाची ती दुरुस्ती घडली.

शेवंता_वाचते
ब्लॅकफायरचा मुद्दा बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते. लग्नाला दुहेरी रेघ ठेवा म्हणजे गोंधळ होणार नाही. हार्विनबद्दल माझं मत तेच आहे.

अडकित्ता
लुआचं मॉड्यूल पुतणीच्या लग्नात ओळ कशी ठरवणार, ते तिसरी_ओसरी यांनी सांगावं. तोवर मी टेबलाला हात लावणार नाही.

तिसरी_ओसरी
दोन्ही जोडीदारांची पिढी मोजायची, जी खालची असेल ती दोघांना द्यायची. मग मुलांची पिढी पुन्हा मोजायची, आणि कोणाचीच बदलत नाही तोवर फेऱ्या चालू ठेवायच्या. फेऱ्यांना पन्नासची मर्यादा घाला. कोणी चुकून बापाच्या रकान्यात मुलाचं नाव भरलं, तर ती गणती कधीच थांबत नाही.