मदत हवी आहे: दोन गुळवेली, खरी कोणती? जरा लवकर

टेरेसवाला
घरात दोन गुळवेली आहेत. दोन्हींची पानं बदामाच्या आकाराची, दोन्ही कडूजहर. आई म्हणते जाड खोडाची ती खरी, मामा म्हणतो त्याने दिलेली खरी. फोटो टाकलेत. काढा आजच करायचाय, तेव्हा 'गूगल करा' सांगू नका, करून झालंय. जाणकारांनी फक्त 'पहिली' की 'दुसरी' एवढंच लिहावं.

रानवाट
दुसऱ्या फोटोत तुमचा अंगठा आणि मागची पाण्याची टाकी छान आली आहे. वेल दिसत नाही. खोडाचा जवळून फोटो टाका. कुठून आणल्या? पानाला लव आहे का? फुलं, फळं कधी पाहिलीत?

बंडूनाना
एवढा खटाटोप कशाला? बोटाएवढं खोड आडवं कापा. आत गाडीच्या चाकासारखे आरे दिसले की गुळवेल. संस्कृतात चक्रलक्षणिका म्हणतात ते उगाच नाही. आमच्याकडे तीन पिढ्या हीच परीक्षा.

टेरेसवाला
कापली. दोन्हींत चाक आहे. आता?

रानवाट
नाना, चाक गुळवेलीच्या बहिणींनाही असतं. त्यावरून घराणं कळतं, माणूस नाही. म्हणजे मनीप्लांट किंवा कडू करांदा उचलून आणलेला नाही, एवढं नक्की झालं. धागाकर्ते, लव?

कुंडीतली जास्वंद
गुळवेल लावणं अगदी सोपं आहे हं. पावसाळ्याच्या तोंडाला पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर कांडी घ्या, दोन डोळे मातीत, दोन वर. पाणी साचू देऊ नका. छिन्नरुहा नावच आहे तिचं, तोडली तरी पुन्हा रुजणारी. माझी तर खिडकीच्या गजाला नुसती अडकवून ठेवलेली कांडी फुटली होती.

टेरेसवाला
कशी लावायची ते विचारलेलंच नाही. लावलेली आहे. डोक्यावरून पत्र्यावर गेली आहे.

कडुलिंबाखाली
कडुलिंबावर चढलेली तीच औषधी, बाकी सगळ्या वेली नुसत्या शोभेच्या. तुमच्या टेरेसवर कडुलिंब आहे का? नसेल तर दोन्ही टाकून द्या.

रानवाट
कडुलिंबावरची जास्त गुणकारी मानतात, मानू द्या. पण प्रश्न जातीचा आहे. भोपळ्याचा वेल आंब्यावर चढवला म्हणून त्याला हापूस लागत नाहीत.

कडुलिंबाखाली
ताई, आमच्या आजोबांनी अख्ख्या वाडीचा ताप कडुलिंबावरच्या गुळवेलीने उतरवलाय. पुस्तकं वाचून हे कळत नाही.

टेरेसवाला
अहो, भांडण नंतर. माहिती घ्या: पहिली लॉकडाउनमध्ये एका नर्सरीतून आणली, कुंडीवर 'गिलोय' अशी पाटी होती. खोड राखाडी, माझ्या अंगठ्याएवढं जाड, त्यावर अंगभर चामखिळीसारखे फोड. दुसरी मामाने संगमेश्वरहून आणली. तिचं खोड त्या मानाने गुळगुळीत. पान खालून हाताला मऊ लागतं, मखमलीसारखं. वरून लोंबणारे दोरे दोन्हींना आहेत, म्हणून तर घोळ झाला. फळं कुणालाच कधी आली नाहीत. एवढं पुरे?

कोपऱ्यावरचा वैद्य
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर नानांचं चाक फिरवावं लागलं नसतं.
दोरे विसरा, ते तिघींनाही असतात. तिघी अशा: नेहमीची गुळवेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, फोडवाली टिनोस्पोरा क्रिस्पा आणि लव असलेली टिनोस्पोरा सायनेन्सिस. खऱ्या गुळवेलीचं पान दोन्हीकडून गुळगुळीत, तळहातावर घासलं तरी लव लागत नाही. खोडावर पांढुरके ठिपके असतात. जून खोडाचा कागदासारखा पापुद्रा नखाने सुटतो आणि आत हिरवं दिसतं. ठिपके आणि फोड यांत गल्लत करू नका. ठिपक्यावरून बोट फिरवलं तर किंचित खरखरतं, फोड मात्र डोळे मिटूनही मोजता येतात. फुलाला कॉर्डिफोलियात ६ पाकळ्या, क्रिस्पात ३. फळ कॉर्डिफोलियाचं गोल नि लाल, क्रिस्पाचं लांबट नि नारिंगी. आयुष मंत्रालयाच्या पत्रकात हाच फरक दिला आहे. क्रिस्पाचं खोड कापल्यावर दुधासारखा स्राव येतो असंही त्यात आहे.
तुमच्या वर्णनावरून पहिली क्रिस्पा वाटते. थायलंड, मलेशियाकडे तिचाही औषधी वापर आहे, पण यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. ती काढ्यात घालू नका. दुसरी बहुधा सायनेन्सिस.

टेरेसवाला
थांबा. म्हणजे खरी दोन्हींपैकी एकही नाही??

बंडूनाना
चाक आहे म्हणतो ना तो. मग गुळवेलच.

कोपऱ्यावरचा वैद्य
नाना, फोडवालीला फोड आहेत हेही तोच म्हणतो.
दुसरीबद्दल थोडं सबुरीने. काही वैद्य तिलाच पद्मगुडूची म्हणून वापरतात. त्यामुळे मामा खोटा ठरत नाही. पण ग्रंथातली गुडूची, म्हणजे संस्कृतातली गुळवेल, म्हणून आज जी धरतात ती कॉर्डिफोलिया. काढा कुणासाठी आहे? वय, चालू असलेल्या गोळ्या?

टेरेसवाला
आईसाठी. साखरेच्या गोळ्या चालू आहेत. खरं सांगायचं तर आठ दिवस पहिलीचाच काढा घेतेय ती, तिच्या मते ती जाड म्हणजे जोरदार. आजच सांगितलं मला. म्हणून तर घाई.

रानवाट
हे आत्ता सांगताय? पहिल्या ओळीत हवं होतं हो!

कोपऱ्यावरचा वैद्य
आजपासून बंद. भूक मेली असेल, मळमळ होत असेल, लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर थांबू नका. यांतलं काही नसलं तरी डॉक्टरांना काढ्याचं सांगा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. जाताना वेलीचा तुकडा सोबत न्या. आणि खरी गुळवेल असती तरी, साखरेच्या गोळ्यांसोबत घेतल्यावर साखर जास्त उतरू शकते. ते ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम, या धाग्याचं नव्हे.

कडुलिंबाखाली
लगेच घाबरवायला सुरुवात. गुळवेलीला बदनाम करायचं कामच चालू आहे २०२१ पासून.

पुणेरी पान
२०२१ चं निघालंच आहे तर: मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृतविकाराबद्दल लिहिलं होतं. त्यावर आयुष मंत्रालयाचा मुख्य आक्षेप काय होता? तर रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती, हेच तपासलं नव्हतं. आता हे धागाकर्ते बघा. पाटीवर गिलोय, कुंडीत भलतंच. गुळवेलीची बाजू घ्यायची असेल तर आधी ओळख पक्की करा म्हणावं. दोन्ही बाजूंनी एवढं तरी मान्य करायला हरकत नसावी.

कडुलिंबाखाली
म्हणून तर म्हणतो, कडुलिंबावरची घ्या.

रानवाट
धागाकर्ते, फळं न येण्याचं कोडं राहिलं. गुळवेलीत नर नि मादी वेल वेगवेगळ्या. तुमची वेल नर असेल किंवा आसपास जोडीदार नसेल, तर दहा वर्षं थांबलात तरी फळ दिसणार नाही. म्हणून 'फळ आल्यावर बघू' म्हणून बसू नका. पानं झडलेली असताना, उन्हाळ्याच्या आधीपासून बारीक पिवळसर फुलांवर नजर ठेवा, पाकळ्या मोजायला भिंग लागेल. पुण्यात असाल तर डहाळी पानांसकट वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि कोरेगाव रोडच्या बॉटॅनिकल सर्व्हेत किंवा आघारकर संस्थेत विचारा. फुलासकट नेलीत तर उत्तम, नुसत्या पानावर तज्ज्ञही हात आखडता घेतात.

कुंडीतली जास्वंद
वर कडू करांद्याचा उल्लेख झाला. तो उकडून राखेच्या पाण्यात ठेवतात तोच ना? कुणाकडे नीट कृती आहे का?

रानवाट
नवा धागा काढा हो.

टेरेसवाला
आईला घेऊन डॉक्टरकडे जाऊन आलो. त्रास काही नाही, रक्त दिलंय, रिपोर्ट उद्या. पहिली वेल तोडून गोणीत भरली. सोसायटीच्या कचऱ्यात टाकली नाही, नाहीतर छिन्नरुहा तिकडे रुजायची आणि वॉचमन काढा करून प्यायचा. दुसरी ठेवली आहे. मामाला अजून काही बोललेलो नाही.

बंडूनाना
पण चाक होतं ना?