मुलीला चष्म्याचा सिलिंडर नंबर निघाला, मोबाईलमुळे होतो का?

पहिलीतली_आई (सातारा): शाळेतल्या तपासणीनंतर मुलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांना सिलिंडर -१.७५, अ‍ॅक्सिस (नंबरचा कोन) १८०. तिने कधी तक्रार केली नव्हती, फळा वाचताना डोळे बारीक करायची एवढंच. सासूबाई मोबाईलला दोष देतात. इतक्या लहान मुलांना हा नंबर असतो का? चष्मा दिवसभर लावायचा की अभ्यासापुरता?

चष्मेतपासनीस: ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज मुलांचे नंबर काढतो. हा नंबर पुष्कळ मुलांना असतो. जगभरचे अभ्यास एकत्र केले तर साधारण १५ टक्के मुलांना आणि ४० टक्के मोठ्यांना सिलिंडर सापडतो. कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, बाक उभ्या आणि आडव्या दिशेने सारखा नसला की प्रकाश एका बिंदूवर जुळत नाही. तो बाक मोबाईलने आलेला नाही. तान्ह्या बाळांत तर हा नंबर जास्तच असतो, पहिल्या काही वर्षांत बहुतेकांचा उतरतो, काहींचा राहतो. मुलांत अ‍ॅक्सिस बहुधा १८० च्या आसपास असतो, उतारवयात ९० कडे झुकतो.

तिने तक्रार कशी करावी? स्पष्ट दिसणं काय असतं हे तिला माहीतच नाही. म्हणून चष्मा दिवसभर, खेळतानाही. मेंदूला अंधुकच चित्र मिळत राहिलं तर डोळा आळशी होतो, आणि वयाच्या सात-आठ वर्षांनंतर ते भरून काढणं अवघड जातं.

एक विचारतो, ती डोळे चोळते का?

निवृत्त_मास्तर: मलाही रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे फाकलेले दिसायचे, सगळ्यांना तसेच दिसत असतील असं वाटे. मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांनी सिलिंडरही भरून काढणारी टोरिक लेन्स बसवली, त्यातच तो नंबर गेला.

पहिलीतली_आई: हो, उन्हाळ्यात फार चोळते. अ‍ॅलर्जी आहे.

चष्मेतपासनीस: मग अ‍ॅलर्जीचे उपचार आधी. मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. सतत चोळणाऱ्या मुलांत पुढे किशोरवयात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा, म्हणजे केराटोकोनसचा धोका वाढतो. सगळ्यांना होत नाही, पण वेळेत कळला तर क्रॉसलिंकिंगने (कॉर्निया घट्ट करणाऱ्या उपचाराने) बहुतेकदा थांबवता येतो. सहा महिन्यांनी नंबर पुन्हा काढा. सिलिंडर भराभर वाढलेला दिसला तर कॉर्नियाची टोपोग्राफी (बाकाचा नकाशा काढणारी तपासणी) करायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.